कानामागचा सूर्य

आमच्या भागातल्या लग्नांत जेवायला बसलं की अजूनही कुणीतरी तो किस्सा काढतं. पालेगावच्या एका लग्नात शूटिंगवाल्याने नवरीच्या आईचा चेहरा कोळशासारखा काळा काढला, आणि आजारपणानंतरचं त्या बाईंचं तेवढंच एक शूटिंग होतं. सांगणारा शेवटी मान हलवून म्हणतो, सूर्याकडे कॅमेरा धरून कुणी शूटिंग करतं का, येडाच होता तो सिंधी. ऐकणारे हसतात, नाहीतर चुकचुकतात. मी शेजारी बसून पुरी मोडत राहायचो.

आता मी सत्तरी ओलांडली आहे आणि तो माणूस कॅम्प चारमधलं दुकान बंद करून मुलीकडे नागपूरला राहायला गेला आहे. त्याच्या वतीने इथे बोलणारं माझ्याशिवाय कुणी नाही. म्हणून आधीच लिहून टाकतो. तो चेहरा काळा आला त्याला सूर्य कारण नव्हता. कारण माझा शर्ट होता. म्हणजे, शर्ट जिथे असायला हवा होता तिथे नव्हता.

हे कळायला आधी तो माणूस कळायला हवा. आणि त्याच्याविषयी बोलायला लागलो की मला अजून त्याच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसल्यासारखं होतं. डाव्या हाताला सूर्य पळतोय, पुढून तो ओरडतोय, "दादा, बघ, किती राहिला?" आणि मी वळून बघून सांगतोय, दोन बोटं, दीड बोट, बोटभर.

आम्ही सगळे त्याला साईं म्हणायचो. सिंधी माणसं एकमेकांना मानाने तसंच म्हणतात. कॅम्प चारमध्ये, सिंधी निर्वासितांच्या जुन्या वस्तीत, बराकीच्या टोकाला त्याचा स्टुडिओ होता, शेजारी जीन्स शिवणाऱ्यांच्या मशिनी दिवसभर खडखडायच्या. त्याचं मराठी आमच्यात राहून शिकलेलं होतं, हिंदीच्या आधाराने चालणारं, पण कुठे अडायचं नाही. बारा महिने काळा शर्ट घालायचा, मे महिन्यातसुद्धा. पाठीवर घामाचे पांढरे नकाशे उमटायचे. तरी काळाच.

आमची गाठ पडली ती माझ्या मेव्हणीच्या मुलीच्या लग्नात, अंबरनाथला. मी आनंदनगरच्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून नुकताच रिटायर झालो होतो. आम्ही बौद्ध. आमच्या लग्नात नवरानवरी पांढऱ्यात असतात, आणि बरीचशी वऱ्हाडी मंडळीही. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चहाचा कप हातात घेऊन उभा होतो. एका अनोळखी माणसाने येऊन माझे दोन्ही खांदे धरले, मला उचलल्यासारखं नेलं आणि नवरीच्या समोर हातभर अंतरावर उभं केलं. मला वाटलं, नवरीचा मामा समजून चुकून आणलंय. मी म्हणालो, अहो, मी मामा नाही, मावशीचा नवरा. तो म्हणाला, "कोई भी हो. चहा खाली ठेव. छाती पुढे."

नवरीची पाठ सूर्याकडे होती. ऊन तिच्या डोक्यामागून येऊन माझ्या शर्टावर आदळत होतं, आणि शर्टावरून परत फिरून तिच्या चेहऱ्यावर पडत होतं. दुधात दिवा लावल्यासारखा चेहरा दिसत होता. केसांच्या कडेने सोनेरी रेघ. आणि तिचे कान, साधे आपले माणसाचे कान, आतून लाल झाले होते, जास्वंदीच्या पाकळीसारखे. मी तिला पाळण्यात असल्यापासून बघत आलो होतो. तिचे कान मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

शूटिंग झाल्यावर तो माझ्याकडे आला. मला वाटलं आभार मानेल. त्याने शर्टाची बाही दोन बोटांत धरून चोळून पाहिली आणि विचारलं, "असे किती आहेत?"

अशी माझी नोकरी लागली.

सूर्य माणसाच्या मागे असला की चेहरा काळा येतो, हे आता मोबाईलवाल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून सगळे शूटिंगवाले सूर्य स्वतःच्या पाठीशी ठेवतात आणि समोरच्या नवरीला उन्हात उभं करतात. ती डोळे बारीक करते, कपाळाला आठ्या घालते, आणि मग तिला सांगतात, ताई, स्माइल. साईंला याचा संताप यायचा. तोंडावर ऊन पडलं की माणूस खोटा होतो, असं त्याचं म्हणणं. तो सूर्य माणसाच्या कानामागे ठेवायचा, बरोबर कानामागे. कॅमेऱ्यात डोळा घालून इंच इंच सरकायचा आणि सूर्य कानाआड गेला की दातांवर जीभ आपटून टॉक् असा आवाज काढायचा. "कान पेटला पाहिजे. कान पेटला की समज आत रक्त चाललंय. हार, अक्षता, बुफे, ते कोणीपण काढेल."

समोरून उजेड टाकायला बाजारात चंदेरी गोल पडदे मिळतात, घडी करून पिशवीत मावतात. साईंकडे एक होता. त्यावर त्याची बायको पापड वाळवायची. मी एकदा विचारलं, मला कशाला उभं करता, तो पडदा चांगला आहे की. तर म्हणाला, "पडद्याकडे बघून कोण हसतो? माणूस माणसाकडे बघून हसतो." म्हणून घरातलंच कुणी पांढऱ्यातलं सापडलं तर तो मला बाजूला करून त्यांना उभं करायचा. नवरीची आजी, बहीण, आत्या. त्यांचा उजेड तिच्या तोंडावर. कुणी नाहीच मिळालं तर मी. लांबून नेम धरून ओरडायचा, "दादा, शर्ट!" आणि मी हातातलं टाकून पळत सुटायचो.

या वयात पळत सुटायला कुणीतरी हाक मारतंय, यातली मजा रिटायर माणसालाच कळेल.

शर्टाबाबत त्याचे नियम फार कडक. क्रीम चालायचा नाही, रेघ चालायची नाही, खिशाला पेन तर मुळीच नाही. एकदा माझा शर्ट बघून त्याने तोंड वाकडं केलं. "नीळ घातली. नवरी हॉस्पिटलमधून आल्यासारखी दिसेल." मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, उद्यापासून नीळ बंद. ती म्हणाली, "त्यांना सांगा, शर्ट माझ्या मोरीत धुतला जातो. नीळ किती घालायची ते मी बघते." हा निरोप मी जसाच्या तसा पोचवला. साईं स्कूटर काढून थेट आमच्या घरी आला, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये माझ्या बायकोला उभं केलं, दोन मिनिटं शूटिंग केलं आणि चहा न घेता निघून गेला. चार दिवसांनी तिने ते पाहिलं. त्यानंतर आमच्या घरात नीळ आली नाही. ती चित्रफीत तिच्या मोबाईलमध्ये अजून आहे. मला मागितली तरी देत नाही.

त्याचा एकच खरा शत्रू होता, बिल्डर. पालेगावात आम्ही आधी शेतांच्या बांधावर नवरानवरीला उभं करायचो, मागे नुसता पश्चिमेचा सूर्य. मग तिथे खड्डे झाले, खड्ड्यांतून खांब आले, आणि दर महिन्याला सूर्य थोडा आधी मावळायला लागला. साईं स्कूटर थांबवून बांधकामावरच्या वॉचमनला विचारायचा, "अजून किती माळे?" वॉचमन म्हणायचा, साहेब, फ्लॅट बघायचाय का? साईं म्हणायचा, "फ्लॅट नाही. सूर्य बघायचाय. तुझा साहेब खाऊन बसला." प्रत्येक नवा मजला त्याला मुद्दाम आपल्या नाकासमोर चढवलाय असं वाटायचं. कुठल्या बिल्डिंगमागे सूर्य किती वाजता जातो ते त्याला तोंडपाठ असायचं, आणि निम्म्या वेळा चुकायचं. मग आम्ही धावायचो.

सगळ्यात मोठी धावपळ झाली बदलापूरच्या एका लग्नात. हॉल चकचकीत, एसी, एकही खिडकी नाही. साईं आत शिरला आणि कोंडल्यासारखा फिरायला लागला. विधी संपले, जेवणं सुरू झाली आणि त्याने नवरीला खुणेने बोलावलं. मी मागून. हॉलच्या मागे पाण्याचा टँकर उभा होता आणि टँकर व भिंत यांच्या मधल्या फटीतून सूर्याची एक तिरीप येत होती. तेवढीच. तिथे त्याने नवरीला उभं केलं, मी शर्ट घेऊन समोर. आत मात्र नवरी गायब झाल्याची बोंब उठली होती. नवऱ्याने पाणी मागितलं, एक मावशी रडायला लागल्या, काका पोलिसांना फोन लावत होते. तेवढ्यात टँकरच्या ड्रायव्हरने येऊन सांगितलं, तुमची नवरी मागे एका म्हाताऱ्याकडे बघून हसतेय.

तो म्हातारा मी. काका माझ्या अंगावर धावून आले. साईंने कॅमेरा न हलवता एक हात वर करून त्यांना थांबवलं आणि मग कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्यांच्यासमोर धरला. काकांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग कोट सारखा करून विचारलं, "माझा येईल का असा?" साईं म्हणाला, "कोट काळा आहे, चालेल. कान दाखवा." त्या दिवशी त्या टँकरमागे वऱ्हाडाची रांग लागली होती.

त्याचा एक हट्ट इथे सांगायला हवा, कारण पुढे तो आडवा आला. कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा, त्याची लेन्सवर एक फिरवायची कडी असते. साईं माझा शर्ट बघून ती एकदाच ठरवायचा आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून टाकायचा. चालू शूटिंगमध्ये तिला हात लावणं त्याला बाटवल्यासारखं वाटायचं. "शर्ट जागेवर, पट्टी जागेवर. बाकी सूर्य बघेल."

आता पालेगावचं लग्न.

ते काम मीच आणलं होतं. नवरीची आई आमच्या विहारातली. वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, तरी सगळे त्यांना ताई म्हणायचे म्हणून मीही. त्यांना कॅन्सर होता आणि तो आता हटणार नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आजारी पडल्यापासून त्यांनी कुणाला फोटो काढू दिला नव्हता. नवरी मला बाजूला घेऊन म्हणाली होती, काका, आईचं एक तरी घ्या, ती हो म्हणेल असं काहीतरी करा. साईं आदल्या दिवशी त्यांच्या घरी गेला, जमिनीवर बसला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. ताईंनीच विचारलं, "आजारी दिसणार नाही असा काढता येतो?"

"ताई, सूर्य तुमच्या मागे बसवतो. दिवा लावल्यासारखा दिसेल."

"एकदाच हं. पुन्हा पुन्हा नाही जमणार."

"मी पण एकदाच काढतो," साईं म्हणाला.

लग्न संध्याकाळचं, मोकळ्या मैदानावर. मंच पूर्वेला. ताईंना पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून त्यांची खुर्ची मैदानात, तोंड मंचाकडे, पाठ सूर्याकडे. सगळं आपोआप जुळून आलं होतं. पांढरी साडी, केस नुकते बोटभर आलेले, त्यावर पदर, आणि तो पदर साईंच्या सांगण्यावरून त्यांनी कानामागे सारलेला. साईं कॅमेरा घेऊन त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. मी त्याच्या खांद्याशी. ताई माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुम्ही असे उभे राहिलात की आरशासमोर बसल्यासारखं वाटतं." उजवीकडे नवी बिल्डिंग उभी होती, सूर्य तिच्याकडे सरकत होता. साईंने कडी ठरवली, पट्टी लावली. टॉक् झालं.

आणि माइक सुरू झाला. वंदनेला अजून वेळ होता, पण बौद्धाचार्यांना तिथून दुसऱ्या लग्नाला जायचं होतं, त्यांनी लवकर घेतलं. मंचावरच्या प्रतिमांसमोर मेणबत्त्या लागल्या आणि त्रिसरणाचा पहिला शब्द माइकवरून आला.

आता मी काय केलं ते सांगतो. मी विचार केला नाही. लहानपणापासून तो शब्द कानावर आला की माझे हात जोडले जातात आणि पाय मंचाकडे वळतात. मैदानातली सगळी माणसं वळत होती, मीही वळलो. पुढे जाऊन सतरंजीवर बसलो, डोळे मिटले आणि म्हणायला लागलो. कारखान्यात मशिनींच्या आवाजाच्या वर बोलायची सवय, माझा आवाज मोठा आहे. वंदना संपली, मी डोळे उघडले आणि मला शर्ट आठवला. मागे वळलो तेव्हा सूर्य बिल्डिंगच्या मागे गेला होता. साईं अजून गुडघ्यावर होता. ताई हात जोडून बसल्या होत्या.

परतताना मी मागच्या सीटवरून विचारलं, हाक का नाही मारलीत?

"प्रार्थनेला बसलेल्या माणसाला हाक मारू?"

मग कडी तरी फिरवायची.

त्याने स्कूटर हळू केली. नंतर म्हणाला, "हात गेला होता. पण पट्टी काढली तर कर्रकर्र आवाज होतो, दादा. ताई डोळे मिटून बोलत होती." आणि मग, "शायद हट्ट पण असेल. मला काय माहीत."

ताई लग्नानंतर थोड्याच आठवड्यांत गेल्या. पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि त्यांचा मोठा मुलगा, नवरीचा भाऊ, स्टुडिओत आला. मी तिथेच स्टुलावर बसलो होतो, पांढऱ्या शर्टात. त्याने सगळं शूटिंग पाहिलं. आईचा भाग आला आणि त्याने तो पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा लावायला सांगितला. मग उभा राहिला आणि ओरडला. सूर्याच्या नादात त्याच्या आईचा चेहरा दिसला नाही का, पुन्हा कुठून आणायची आता तिला, सगळं मिटवून टाक ते. शेजारच्या मशिनी थांबल्या, कारागीर दारात येऊन उभे राहिले. मुलगा माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही होता ना तिथे? काय झालं नेमकं?"

मी तोंड उघडलं असेल, नसेल. साईं माझ्या आधी बोलला. "मेरी गलती. माझा अंदाज चुकला."

आणि मी ते चालवून घेतलं. वंदनेमुळे चित्र गेलं, असं कुठल्या तोंडाने सांगायचं, हे मी स्वतःला बजावलं. ते खरंही होतं. पण त्याहून खरं हे की मला त्याच विहारात रोज जायचं होतं आणि तिथे मला ही मान खाली घालायची नव्हती. साईंला कुठल्या विहारात जायचं नव्हतं, म्हणून त्याची मान मी खाली जाऊ दिली.

बातमी अंबरनाथ, बदलापूर, सगळीकडे झाली. लग्नं येईनाशी झाली. साईं मोबाईलची कव्हरं विकायला लागला आणि पासपोर्ट फोटो काढायला लागला. पांढरी भिंत, समोरून धडाधड उजेड. "भिंतीला लावून गोळी मारायची," असं तो त्या कामाला म्हणायचा. मी चहाला जायचो. विषय काढला की तो हात उडवायचा. "छोड ना दादा. प्रार्थनेलाच बसलास. पिक्चर बघायला तर नाही ना गेलास." माझे शर्ट घरी घडी घालून पडून होते.

मग ताईंच्या मुलीला बाळ झालं आणि बारशाचं आमंत्रण आलं, बदलापूरला, त्यांच्या नव्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये. दुपारचं जेवण चाललं होतं. तिच्या सासरचे एक काका गप्पिष्ट, त्यांनी तो किस्सा काढला. कुणाच्या घरात बसून काढतोय हे त्यांच्या लक्षात नव्हतं. मुलगी बाळाला मांडीवर घेऊन समोरच बसली होती. ती हसली नाही, रागावलीही नाही. बाळाच्या टोपीची नाडी नुसती सोडत बांधत राहिली.

मी पानावरून उठलो. वरणाचा हात तसाच. म्हणालो, तसं झालेलं नाही. आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, शर्ट, माइक, सतरंजी, स्टुडिओतलं स्टूल. माझा मोठा आवाज पहिल्यांदाच कामाला आला. तिचा भाऊ काळ्या टी-शर्टात, वाढपाच्या पळीसकट थिजून उभा होता. मुलीने एकच विचारलं, "काका, ते आहे का अजून?"

मी साईंला फोन लावला. म्हणालो, ते मिटवलंत का?

"त्यात ताई आहे. कोण मिटवणार?"

मी म्हटलं, मग घेऊन या, आत्ता.

तो आला तेव्हा संध्याकाळचं ऊन पडलं होतं; जुन्या डिस्कमधून ते शोधण्यातच त्याची दुपार गेली होती. काळा शर्ट. पेन ड्राइव्ह खिशात. आणि कुणी सांगितलं नव्हतं, तरी कॅमेरा गळ्यात. भाऊ दारापर्यंत गेला आणि त्याला आत यायला बाजूला सरकला. सगळे वर मुलीच्या फ्लॅटमध्ये गेलो. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला.

आधी उजेड होता. ताईंचा चेहरा, पूर्ण, उजळलेला, "आरशासमोर बसल्यासारखं" म्हणताना. किती थोडा वेळ तो, पण होता. त्या दिवशी स्टुडिओत काळ्या भागाच्या धक्क्याने हा भाग कुणाच्या नजरेत भरलाच नव्हता, माझ्याही. मग माझ्या शर्टाचा उजेड सरकला आणि चेहरा विझत गेला. पण कडा विझल्या नाहीत. पदराची कड, कपाळ, नाक, ओठ, सोनेरी रेघेने कुणीतरी काढल्यासारखे. कान लाल, आणि कानातली कुडी निखाऱ्यासारखी. आवाजात सगळ्यांच्या वर एक घोगरा, मोठा आवाज, वंदना म्हणणारा. तो माझा. आणि त्या सोनेरी रेघेतले ओठ हलत होते. एकेक शब्द. मुलीने पडद्याकडे बघत, नकळत, तेच शब्द पुटपुटायला सुरुवात केली. आईच्या ओठांबरोबर. दोघींचा एकही शब्द चुकला नाही.

भावाने रिमोट घेऊन सुरुवातीला नेलं. चेहऱ्यावर थांबला. साईंला म्हणाला, "मी हे पाहिलंच नव्हतं." साईं म्हणाला, "मी पण नंतर पाहिलं. तू रागात होतास, मी शरमेत. मग यायला तोंड नव्हतं."

मुलगी उठली, बाळाला खांद्यावर घेतलं. "साईंकाका, मला असंच बसायचंय. आत्ता."

साईंने खिडकीबाहेर पाहिलं आणि माझ्याकडे वळून ओरडला, "दादा, किती राहिला?"

मी हात लांब करून बघितलं. तीन बोटं.

मग जे झालं त्याला धावपळच म्हणायला हवं. गच्चीला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन पार्किंगमध्ये, लिफ्ट खालच्या मजल्यावर अडकलेली. भाऊ जिने उतरून किल्ली घेऊन आला. सासरचे काका खुर्ची डोक्यावर घेऊन चढले. माझी बायको माझ्या शर्टावरचा वरणाचा डाग बघून कपाळावर हात मारत मागून आली. आम्ही वर पोचलो तेव्हा सूर्य मलंगगडाच्या बाजूला टेकत चालला होता, मोठा, पिवळा, मध्ये एकही बिल्डिंग नाही. साईंने दोन्ही हात आभाळाकडे केले, जणू बिल्डरने या वेळी त्याचं ऐकलं होतं.

मुलगी खुर्चीवर बसली, पाठ सूर्याकडे, बाळ छातीशी. साईं गुडघ्यावर. गुडघे वाजलेले सगळ्यांनी ऐकले.

"दादा, शर्ट!"

मी उभा राहिलो. त्याने डागाकडे असं पाहिलं, जसा काही मी खून करून आलोय. "डावा खांदा पुढे. डाग मागे. एका शर्टात नाही होणार, दोन चेहरे आहेत." त्याची नजर भावाकडे गेली. "हा अंधार कोणी आणला इथे?"

भावाने आपल्या काळ्या टी-शर्टाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि टी-शर्ट डोक्यावरून काढून फेकला. आत पांढरं बनियन. पाठीशी विरलेलं, बारीक भोकं पडलेलं. तो लाजून म्हणाला, भोकं आहेत हो.

"भोकं चालतात. रंग नाही चालत. दादाच्या बाजूला उभा रहा."

तो माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. आमच्या दोघांच्या अंगावरचं ऊन तिच्या चेहऱ्यावर गेलं. तिने डोळे उघडे ठेवून भावाकडे पाहिलं. बाळाने मान वळवली आणि त्याचा कान, वाटाण्याएवढा, लालभडक पेटला.

टॉक्.

साईंने कडी ठरवली. खिशातून चिकटपट्टी काढली, क्षणभर हातात धरली आणि परत खिशात ठेवली. हात कडीवरच राहू दिला.

आणि खालून, विहाराच्या भोंग्यावरून, संध्याकाळची वंदना सुरू झाली.

माझे हात जोडले गेले. पाय वळायला लागले. शेजारी भावाचेही हात वर आले होते. साईंने कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही. हळू आवाजात म्हणाला, "बोल दादा. मोठ्याने बोल. फक्त हलू नको."

मी बोललो. हललो नाही.